फी भरून उरलेले डॉलर

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतली कॉलेजं सुरू होतात आणि पुढच्या काही आठवड्यांत लाखो विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांत एकरकमी पैसे येऊन पडतात. कुणाला आठशे डॉलर, कुणाला तीन हजार, कुणाला त्याहूनही जास्त. सरकारी अनुदान, शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्ज यांच्या एकूण रकमेतून कॉलेजने आपली फी वळती करून घेतली, की उरलेली रक्कम विद्यार्थ्याच्या हवाली होते. मुलं तिला नुसतं 'रिफंड' म्हणतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या नावावर पाहिलेली ही बहुधा आजवरची सगळ्यात मोठी रक्कम असते.

मग विचार सुरू होतात. नवा लॅपटॉप घ्यावा, जुनी गाडी घ्यावी, क्रेडिट कार्डाचं देणं मिटवावं, घरी आईला थोडे पाठवावेत, की बँकेत तसेच राहू द्यावेत? हा प्रश्न खर्चाचा वाटतो खरा. पण खर्चाच्या याद्या कितीही केल्या तरी तो सुटत नाही. हे पैसे कुठून आले आणि ते किती दिवस पुरवायचे आहेत, हे आधी कळलं तर मात्र निम्मा निर्णय आपोआप होतो.

पैसे उरतात कसे?

फीपेक्षा जास्त मदत द्यायचीच कशाला, असं कुणालाही वाटेल. पण शिकणारा माणूस जेवतो, कुठेतरी राहतो आणि बसने कॉलेजात जातो, हे अमेरिकी धोरणाने फार पूर्वीच गृहीत धरलं आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये झालेल्या 'जी. आय. बिल' कायद्यात फीची सोय होतीच, शिवाय एकट्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी महिना ५० डॉलरही मिळत. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत उच्च शिक्षण कायदा झाला आणि केंद्रीय मदतीचं दार सर्वसाधारण गरजू विद्यार्थ्यांना उघडलं. १९७२ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी परत न करायचं अनुदान सुरू झालं. १९८० मध्ये त्याला ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचं नाव मिळालं. आजची 'पेल ग्रँट' ती हीच. २०२५-२६ या वर्षासाठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे.

प्रत्येक कॉलेज दरवर्षी विद्यार्थ्याच्या एकूण खर्चाचा अंदाज ठरवतं. त्यात फी, पुस्तकं, घरभाडं, जेवण, प्रवास आणि किरकोळ खर्च असं सगळं येतं. या आकड्याला 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' म्हणतात आणि सगळी मदत मिळून त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. मदतीचे पैसे आधी कॉलेजच्या हिशेबात जमा होतात. तिथून फी वजा होते, विद्यार्थी कॉलेजच्याच वसतिगृहात राहत असेल तर भाडं आणि खाणावळही वजा होते. त्यानंतर शिल्लक राहिली, तर ती साधारणपणे १४ दिवसांच्या आत विद्यार्थ्याला देण्याचं बंधन कॉलेजवर असतं.

एक उदाहरण पाहू. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांची फी राज्यातल्या रहिवाशांना दर युनिटला ४६ डॉलर आहे. पंधरा युनिटचं सत्र घेतलं तर ६९० डॉलर झाले. पूर्ण पेल ग्रँट मिळणाऱ्या विद्यार्थिनीच्या वाट्याला एका सत्रात सुमारे ३,७०० डॉलर येतात. फी वजा जाता तिच्या हाती तीन हजार उरतात, आणि राज्याची फीमाफी मिळाली तर त्याहून जास्त. आता फ्रीमाँट किंवा सॅन होजेसारख्या ठिकाणी घरभाडं काय आहे, हे तिथे राहणाऱ्या कुणाही मराठी कुटुंबाला विचारून पाहावं. तीन हजारांत चार महिने काढायचे म्हटलं, तर वर काही उरलंय असं कुणी म्हणणार नाही. ही रक्कम तिच्या पोटापाण्याची आहे. सरकारने ती एकदम हातात दिली, इतकंच.

पैशाचं मूळ शोधा

कॉलेजकडून येणाऱ्या मदतीच्या पत्रात सहसा तीन-चार प्रकारचे पैसे एकाखाली एक लिहिलेले असतात. ग्रँट आणि शिष्यवृत्ती परत करायची नसते. 'सबसिडाइज्ड' कर्ज परत करायचं असतं, पण निदान अर्धवेळ शिक्षण चालू असेपर्यंत त्याचं व्याज सरकार भरतं. 'अनसबसिडाइज्ड' कर्जावर पैसे वितरित झाल्या दिवसापासून व्याज चढतं. 'वर्क-स्टडी' ही कॅम्पसवरच्या कामाची मजुरी असल्याने ती काम केल्यावर मिळते. आईवडिलांनी 'पॅरेंट प्लस' कर्ज घेतलं असेल तर त्यातून उरलेले पैसे, त्यांनी वेगळं कळवलं नसेल तर, त्यांच्याकडेच जातात.

अडचण अशी, की कॉलेजच्या खात्यात हे सगळे पैसे एकत्र होतात. खात्यात आलेल्या रिफंडवर 'ही ग्रँट' आणि 'हे कर्ज' अशी चिठ्ठी लावलेली नसते. मग ओळखायचं कसं? यासाठी एक साधा नियम मनाशी धरावा. मदतीत कर्ज असेल, तर उरलेला पैसा हा त्यातला सगळ्यात महाग पैसा आहे असं समजावं. कारण उघड आहे. ग्रँट परत केली तर आपला काहीच फायदा नाही, पण कर्ज परत करता येतं आणि तेवढं देणं कमी होतं. म्हणजे हाती आलेल्या दोन हजारांतले एक हजार अनसबसिडाइज्ड कर्जाचे असतील, तर ते एक हजार खर्च करताना आपण दरवर्षी त्यावर व्याज द्यायला तयार आहोत का, एवढंच विचारायचं.

हजाराचे सोळाशे

आईवडिलांवर अवलंबून असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५,५०० डॉलरपर्यंत केंद्रीय कर्ज मिळतं. त्यातलं सबसिडाइज्ड जास्तीत जास्त ३,५००. पत्रात बहुधा मिळू शकणारी पूर्ण रक्कम छापलेली असते आणि ऑनलाइन ती 'स्वीकारा' असं बटण दाबून घ्यायची असते. बरीच मुलं सगळं एकदम स्वीकारून मोकळी होतात. गरज दोन हजारांची असताना साडेपाच हजार घेतले जातात आणि फरक रिफंड म्हणून परत हातात येतो. तो मग सढळ हाताने खर्च होतो. ऋण काढून सण करणं म्हणतात ते हेच, फक्त सणाच्या जागी 'स्प्रिंग ब्रेक'ची सहल असते.

२०२५-२६ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या कर्जाचा दर ६.३९ टक्के आहे आणि एकदा घेतलेल्या कर्जाला तो अखेरपर्यंत तोच राहतो. शिवाय सुरुवातीलाच १.०५७ टक्के शुल्क कापलं जातं, त्यामुळे हजाराच्या कर्जात हातात पडतात सुमारे ९८९. पहिल्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये घेतलेल्या हजार डॉलरच्या अनसबसिडाइज्ड कर्जावर दरसाल सुमारे ६४ डॉलर व्याज चढतं. चार वर्षांचं शिक्षण आणि त्यानंतरची सहा महिन्यांची सवलत धरली, तर पहिला हप्ता भरण्याआधीच सुमारे २७० डॉलर देणं तयार होतं. पुढे दहा वर्षांत हप्त्यांनी फेड केली की एकूण भरणा सोळाशे ते सतराशेच्या घरात जातो. तेच कर्ज सबसिडाइज्ड असेल तर साडेतेराशेच्या आसपास भागतं. म्हणून दोन्ही प्रकारांतून काही परत करायचं झालं, तर आधी अनसबसिडाइज्ड परत करावं.

परत करण्याची वाट सोपी आहे, पण ती फार थोड्यांना माहीत असते. कर्ज जमा झाल्याची सूचना आली की सुरुवातीच्या थोड्या दिवसांत कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला, म्हणजे 'एड ऑफिस'ला, सांगून ते पूर्ण किंवा अंशतः रद्द करता येतं. ती मुदत हुकली तरी पैसे वितरित झाल्यापासून १२० दिवसांच्या आत कर्जाचा कारभार पाहणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे 'लोन सर्व्हिसर'कडे, रक्कम परत पाठवता येते. तेवढ्या रकमेवरचं व्याज आणि कापलेलं शुल्क मग माफ होतं. ते कर्ज जणू घेतलंच नव्हतं. ऑगस्टअखेर आलेल्या पैशांसाठी ही मुदत डिसेंबरच्या शेवटी संपते. पैसे पाठवताना 'हे १२० दिवसांतलं रद्दीकरण आहे' असं स्पष्ट कळवणं चांगलं, म्हणजे रक्कम साध्या हप्त्यासारखी जमा होत नाही. मुदत टळल्यावरही कधीही जास्तीचा भरणा करता येतो आणि त्याला दंड नाही. मात्र तो आधी साचलेल्या व्याजात जमा होतो आणि सुरुवातीचं शुल्क गेलं ते गेलंच.

खरंच उरलेत का?

रिफंड आला म्हणजे हिशेब पुरा झाला, असं नाही. सत्राच्या मध्यावर बाहेरच्या एखाद्या संस्थेची शिष्यवृत्ती येते, एकूण मदत ठरलेल्या मर्यादेपुढे जाते आणि कॉलेज आधी दिलेल्यातला काही भाग परत मागतं. कधी प्रयोगशाळेची फी किंवा आरोग्य विमा नंतर बिलात चढतो. एखादा विषय सुरुवातीलाच सोडला तर युनिट कमी होतात आणि पेल ग्रँटचा आकडा नव्याने ठरतो.

सगळ्यात मोठा फटका बसतो तो सत्र मध्येच सोडणाऱ्याला. केंद्रीय मदत विद्यार्थी दिवसागणिक 'कमावतो' असा नियम आहे. सत्राचा ६० टक्क्यांहून अधिक काळ पार झाला की सगळी मदत कमावली असं धरतात. त्याआधी कॉलेज सोडलं तर जितका काळ हजेरी लावली तितक्याच प्रमाणात मदत आपली, बाकीची परत. सतरा आठवड्यांच्या सत्रात पाचव्या आठवड्यात कुणी बाहेर पडलं, तर तीस टक्क्यांहूनही कमी मदत कमावलेली असते. न कमावलेल्या मदतीतला आपला वाटा कॉलेज सरकारला परत करतं आणि ती रक्कम पुष्कळदा विद्यार्थ्याकडून वसूल करतं. ग्रँटच्या बाबतीत विद्यार्थ्याच्या वाट्याचं परतीचं देणं काहीसं सौम्य ठेवलं आहे, पण ते दर वेळी शून्य नसतं. जो आजारपणामुळे किंवा घरच्या संकटामुळे कॉलेज सोडतो, त्याच्याच डोक्यावर नेमकं हे बिल येऊन पडतं. म्हणून सत्राचा दहावा-अकरावा आठवडा उलटेपर्यंत रिफंडमधला काही भाग हात न लावता ठेवणं शहाणपणाचं आहे. ही रक्कम मनाने अजून कॉलेजचीच समजावी.

ग्रँटने वेळ विकत घ्या

आता ज्यांच्या रिफंडमध्ये कर्ज नाही, निव्वळ ग्रँट आहे, त्यांचं काय? इथे परत करण्याचा प्रश्नच नाही. सुगीला घरात आलेलं धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवावं लागतं, तसे हे पैसे पुढच्या सत्राच्या रिफंडपर्यंत पुरवायचे असतात. एकरकमी मदत हप्त्याहप्त्याने दिली तर मुलांचा फायदा होईल का, हे एम.डी.आर.सी. या संशोधन संस्थेने टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरातल्या कम्युनिटी कॉलेजांत तपासून पाहिलं. दर पंधरवड्याला पगारासारखे पैसे मिळाल्याने मुलांच्या अभ्यासाच्या निकालांत ठोस सुधारणा मात्र दिसली नाही. कारण समजण्यासारखं आहे. पैसे मुळात अपुरे असतील तर ते कोणत्या तारखेला येतात याने फारसा फरक पडत नाही. उलट, घरभाड्याची अनामत किंवा पुस्तकं यांसाठी सुरुवातीलाच मोठी रक्कम लागते.

ग्रँटच्या पैशाचं सगळ्यात चांगलं काम वेगळंच आहे. कॅलिफोर्नियात २०२५ चं किमान वेतन ताशी साडेसोळा डॉलर होतं. वरच्या उदाहरणातले तीन हजार डॉलर सतरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सुमारे १७५ डॉलर होतात, म्हणजे दर आठवड्याचे दहाएक तास. सत्र चालू असताना दुकानात पंचवीस तास उभी राहणारी मुलगी हे पैसे वापरून पंधरा तासांवर येऊ शकते. ते दहा तास अभ्यासाला आणि झोपेला मिळाले, तर एखादा विषय नापास होऊन पुन्हा घेण्याची वेळ टळते. पुन्हा घेतलेल्या विषयाची फी तर लागतेच, पण पेल ग्रँटही आयुष्यात एकूण बारा पूर्ण सत्रांइतकीच मिळते, हे पुष्कळांना फार उशिरा कळतं.

यानंतर पुस्तकं, चालू स्थितीतला संगणक आणि थोडी गंगाजळी. दोन-तीनशे डॉलर बाजूला असले, तर गाडीचं चाक बदलायचं झालं की क्रेडिट कार्ड काढावं लागत नाही. या कार्डांचा सरासरी व्याजदर गेली काही वर्षं वीस टक्क्यांच्या वर आहे. याच सत्रातल्या किराण्याचं आणि पुस्तकांचं देणं कार्डावर चढलं असेल, तर ते रिफंडमधून मिटवणं हिशेबाला धरून आहे. कर्जाचे पैसे शेअर बाजारात घालण्याचा मोह मात्र टाळावा. कर्जाच्या करारपत्रावर सही करतानाच विद्यार्थ्याने लिहून दिलेलं असतं, की हे पैसे फक्त शिक्षणाच्या खर्चासाठीच वापरेन. शिवाय ६.३९ टक्क्यांचं व्याज ठरलेलं असतं, बाजारातला नफा ठरलेला नसतो.

घरी पैसे पाठवण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं रिफंडमधून धाकट्या भावंडांचं, विजेच्या बिलाचं पाहतात, हे तिथल्या एड ऑफिसांना चांगलं ठाऊक असतं. यावर उपदेश करणं सोपं आहे. सांगता येईल ते इतकंच, की घरची निकड मोठी असेल तर एड ऑफिसमध्ये जाऊन बदललेली परिस्थिती सांगावी. नोकरी गेली, आजारपण आलं, अशा कारणांसाठी मदतीचा आकडा नव्याने तपासण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्यांना असतो.

कर

शिष्यवृत्ती आणि ग्रँट फी व आवश्यक पुस्तकांवर खर्च झाली तर ती करमुक्त असते. घरभाड्यावर आणि जेवणावर गेली तर तेवढा भाग करपात्र उत्पन्न धरला जातो. कमी उत्पन्नामुळे बहुतेक मुलांना प्रत्यक्ष कर लागत नाही, पण हिशेब आणि पुस्तकांच्या पावत्या ठेवाव्यात. कर्ज हे उत्पन्न नसल्याने त्यावर कर नाही.

मराठी घरांसाठी

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत एकाच शाळेतून बाहेर पडलेल्या दोन मुलांची स्थिती वेगळी असू शकते. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलाला वरची सगळी केंद्रीय मदत मागता येते. आईवडिलांच्या एच-१बी व्हिसामुळे एच-४ वर असलेल्या मुलाला ती मिळत नाही, मग तो तिथे लहानाचा मोठा झालेला असला तरी. पुण्या-नागपुराहून एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्यालाही ती नाही. त्याच्याकडे असतं ते भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज.

पण उरलेला पैसा महाग समजायचा, हा नियम त्याला आणखी कडकपणे लागू होतो. बँक फीबरोबर राहण्याखाण्याचा खर्चही मंजूर करते, मात्र व्याज मंजूर रकमेवर चढत नाही. ते उचललेल्या रकमेवर चढतं. त्याचा दरही बहुधा अमेरिकी केंद्रीय कर्जापेक्षा जास्त असतो. त्यातून रुपयांचे डॉलर आणि पुन्हा डॉलरचे रुपये करताना दोन्ही वेळा बँकेचा वाटा जातो, त्यामुळे इथे परत पाठवण्यापेक्षा मुळात न उचलणंच स्वस्त. कॅम्पसवर काम किंवा असिस्टंटशिप मिळाली, तर पुढच्या सत्राची निर्वाहाची उचल तेवढी कमी करून मागावी. या व्याजावर भारतातल्या प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच.

परत करण्याचा अतिरेक

कर्ज वाईट, म्हणून सगळं परत करा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोकांच्या डोक्यावर मिळून सुमारे १.६ लाख कोटी डॉलरचं केंद्रीय शैक्षणिक कर्ज आहे. त्यात हप्ते थकवणाऱ्यांकडे पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सर्वांत जास्त अडचणीत येतात ते मोठं कर्ज घेऊन डॉक्टर-वकील झालेले नव्हेत, तर थोडंसं कर्ज घेऊन पदवीआधीच कॉलेज सोडलेले. त्यांच्याकडे फेडायला कर्ज असतं, पण पगार वाढवणारी पदवी नसते. अनसबसिडाइज्डचे हजार डॉलर परत करून त्या जागी आठवड्याला दहा तास जास्तीचं काम पत्करलं आणि त्यात सत्र बुडालं, तर वाचवलेले सहाशे डॉलर फार महागात पडतात.

म्हणून परत करायचं ते घरभाडं, जेवण, पुस्तकं आणि संकटासाठी ठेवलेली रक्कम एवढं सगळं वजा करून जे राहील तेवढंच. ते अडीचशे डॉलर असतील, तर अडीचशे परत पाठवावेत. काहीच राहत नसेल, तर कर्ज घेतलं म्हणून मान खाली घालण्याचं कारण नाही. ज्या कामासाठी ते घेतलं, त्याच कामी ते लागलं आहे.